चाळणीतून निदानाकडे : लघवीच्या नमुन्याची तपासणी

आपापल्या व्यवसायातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषय निवडण्यास आम्हांस फारसा वेळ लागला नाही. आम्ही दोघे याच शाळेचे माजी विद्यार्थी. वर्ग वेगळे होते, पण भोजनगृहातील पंगत एकच होती. आज एका जिल्ह्याच्या ठिकाणी रोगनिदान प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आम्ही काम करतो. रोज सकाळी आमच्या टेबलावर सर्वाधिक संख्येने येतात त्या लघवीच्या नमुन्यांच्या बाटल्या. स्मरणिकेच्या पानावर हा विषय काहींना अवघड वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. परंतु याच संकोचापायी कितीतरी मुली, माता आणि वृद्ध माणसे दुखणे अंगावर काढतात, किंवा चुकीच्या पद्धतीने नमुना देऊन चुकीचे औषध घेतात. म्हणून संकोच बाजूला ठेवून हा लेख लिहीत आहोत.

मूत्रमार्ग आणि त्यातील संसर्ग

आपल्या शरीरातील दोन मूत्रपिंडे अहोरात्र रक्त गाळतात. त्यातून निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण एक ते दोन लीटर लघवी तयार होते. ती दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते, तेथे साठते आणि मूत्रमार्गातून बाहेर पडते. मूत्राशयातील लघवी पूर्णपणे निर्जंतुक असते असे पूर्वी मानले जाई. तेथेही अल्प प्रमाणात जिवाणू नांदत असतात, हे आता आधुनिक तंत्रांमुळे कळले आहे. तरीही ठरावीक काळाने वाहून जाणारी धार ही या मार्गाची सर्वांत मोठी संरक्षक आहे. बाहेरून वर चढू पाहणारे जंतू ती धुऊन काढते. धार अडली, कमी झाली किंवा रोखून धरली, की जंतूंना जम बसविण्यास वेळ मिळतो.

हे जंतू बहुतेक वेळा दुसरीकडून कोठून येत नाहीत. ते आपल्याच आतड्यातले असतात. त्यांतील प्रमुख म्हणजे एशेरिकिया कोलाय, म्हणजेच रिपोर्टवर आपण ‘ई. कोलाय’ म्हणून वाचतो तो. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचे वर्णन केले. आतड्यात तो निरुपद्रवी राहतो, परंतु मूत्रमार्गात शिरला की उपद्रव करतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटीमीटर, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटीमीटर लांबीचा असतो. शिवाय स्त्रियांमध्ये गुदद्वार आणि मूत्रद्वार यांतील अंतर कमी असते. त्यामुळे हा संसर्ग स्त्रियांना कितीतरी अधिक होतो. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात स्वच्छतेचा दोष किंवा लाजिरवाणे असे काहीही नाही. शरीराची रचनाच तशी आहे.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर लघवीला जळजळ होते, वारंवार लागते, थोडी थोडी होते, ओटीपोटात दुखते. तो वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर हुडहुडी भरून ताप येतो, पाठीच्या एका बाजूस बरगडीखाली दुखते, उलट्या होतात. ही दुसरी अवस्था धोक्याची असते. लहान मुलांत मात्र यांतील एकही तक्रार नसू शकते. नुसता ताप, चिडचिड किंवा अन्न नकोसे होणे, एवढेच दिसते. म्हणून कारण न सापडणारा ताप असलेल्या बालकाची लघवी तपासण्यास डॉक्टर सांगतात.

चाळणीची गरज काय?

लघवीत जिवाणू आहेत की नाहीत, कोणते आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात, हे सांगणारी खरी चाचणी म्हणजे कल्चर. त्यासाठी जिवाणूंना खाद्यमाध्यमावर वाढवावे लागते. या वाढीस १८ ते २४ तास लागतात आणि औषधांची चाचणी करावयाची तर आणखी एक दिवस. कल्चरसाठी येणाऱ्या नमुन्यांपैकी मोठ्या भागात शेवटी काहीच उगवत नाही. म्हणजे माध्यम, वेळ आणि हात यांचा बराच खर्च ‘काही नाही’ एवढे कळण्यासाठीच होतो. त्याच वेळी ज्याला खरोखर संसर्ग आहे, त्याचा नमुना रांगेत मागे राहतो.

म्हणून आधी काही मिनिटांत होणाऱ्या सोप्या तपासण्या करून नमुने चाळून घेतात. धान्य चाळताना चाळणीची छिद्रे मोठी असली तर खड्यांबरोबर दाणेही खाली जातात, आणि लहान असली तर खडेही दाण्यांबरोबर वरच राहतात. रोगाच्या चाळणीतही याच दोन चुका संभवतात. संसर्ग असून तो निसटणे ही एक आणि संसर्ग नसून तो आहे असे म्हणणे ही दुसरी. पहिल्या चुकीने रुग्ण उपचाराविना राहतो, दुसरीने त्याला नको असलेले औषध पोटात घ्यावे लागते. कोणतीही चाळणी या दोन्ही चुकांपासून पूर्णपणे मुक्त नाही. म्हणून आम्ही एकाच चाळणीवर विसंबत नाही.

अर्धे काम नमुना देणाऱ्याच्या हाती

प्रयोगशाळेतील यंत्रे कितीही चांगली असली तरी बाटलीत जे आले आहे, तेच ती दाखवितात. नमुना देण्याची रीत म्हणूनच महत्त्वाची. आमच्या खिडकीशी रोज घडणारा संवाद असा असतो.

“ताई, ही लघवी केव्हाची?”

“पहाटेचीच आहे हो दादा, ताजी आहे. पिशवीत बांधून आणलीय.”

“बाटली कुठली?”

“घरचीच. औषधाची होती, चांगली विसळून घेतली.”

या दोन उत्तरांत नमुना निरुपयोगी ठरण्याची दोन कारणे आहेत. औषधाच्या किंवा लोणच्याच्या बाटलीत धुतल्यानंतरही जंतू किंवा साबणाचा अंश राहतो. कल्चरसाठी प्रयोगशाळेतून मिळणारी, रुंद तोंडाची, निर्जंतुक डबीच वापरावयाची आणि तिच्या आतील बाजूस बोट लावावयाचे नाही. प्रथम हात धुवावेत, तो भाग साध्या पाण्याने स्वच्छ करावा, जंतुनाशक लावू नये. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. पहिली धार मूत्रद्वाराच्या आसपासचे जंतू धुऊन नेते, म्हणून मधली धार मूत्राशयातील स्थितीशी अधिक प्रामाणिक असते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सर्वांत चांगली, कारण रात्रभर मूत्राशयात राहिल्याने जिवाणू आणि त्यांच्या खुणा तीत पुरेशा प्रमाणात आढळतात. प्रतिजैविक औषध सुरू करण्यापूर्वी नमुना द्यावा. औषधाच्या दोन-तीन गोळ्या घेतल्यानंतर दिलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि रोग मात्र शरीरात राहिलेला असू शकतो.

आता वेळेचा प्रश्न. लघवी हे जिवाणूंसाठी बरे खाद्य आहे. अनुकूल उबेत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. बाहेरच्या त्वचेवरून डबीत आलेले जंतू दर मिलिलिटरला १,००० आहेत असे समजा. दर २० मिनिटांनी ते दुप्पट झाले तर सात वेळा दुप्पट होण्यास २ तास २० मिनिटे लागतील आणि त्यांची संख्या १,२८,००० होईल. प्रत्यक्ष डबीत वेग यापेक्षा कमी असतो. परंतु उन्हाळ्यातील एसटीच्या प्रवासात तो फार कमीही राहत नाही. म्हणून नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसेल तर तो फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा. तेथे तो २४ तासांपर्यंत चालतो. लांबच्या गावांसाठी बोरिक ॲसिड घातलेल्या डब्या मिळतात. त्यात जंतू मरत नाहीत, पण वाढही थांबते. अशा डबीत दाखविलेल्या खुणेपर्यंत लघवी भरणे आवश्यक असते. कमी भरली तर बोरिक ॲसिडचे प्रमाण वाढते आणि मूळचे जंतूही मरू लागतात.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. परंतु पटले ते स्वतःच्या चुकीमुळे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतील गोष्ट. लांबच्या एका निवासी शाळेतील तापाने फणफणलेल्या मुलीचा नमुना भर दुपारी शिपायाबरोबर आला. तो केव्हा घेतला हे आम्ही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ई. कोलायची भरघोस वाढ दिसली. आम्ही संसर्ग असल्याचा रिपोर्ट दिला, मुलीला प्रतिजैविक सुरू झाले. तिला उलट्या होत राहिल्या, ताप मात्र हटेना. अखेर रक्ताच्या तपासणीत मलेरिया निघाला. मधले चार दिवस वाया गेले आणि तिची सहामाही परीक्षाही बुडाली. नंतर आम्ही नोंदवही उघडून पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नमुन्यात पू पेशी जेमतेम एक-दोन होत्या आणि त्वचेच्या पेशी मात्र भरपूर. नमुना दूषित असल्याचे वहीच सांगत होती. आम्ही ते वाचले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या अर्जावर ‘नमुना घेतल्याची वेळ’ असा रकाना आहे आणि तो रिकामा असेल तर आम्ही विचारल्याशिवाय नमुना घेत नाही.

पहिली चाळणी : रासायनिक पट्टी

प्लॅस्टिकच्या अरुंद पट्टीवर निरनिराळ्या रसायनांचे लहान चौकोन बसविलेले असतात. ती लघवीत क्षणभर बुडवून ठरावीक वेळाने चौकोनांचे रंग डबीवरील नमुना-रंगांशी ताडून पाहतात. संसर्गाच्या दृष्टीने त्यांतील दोन चौकोन महत्त्वाचे.

पहिला नायट्राइटचा. आपल्या अन्नातून आलेले नायट्रेट लघवीत असते. ई. कोलाय, क्लेबसिएला, प्रोटियस यांसारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइट ओळखण्याची रासायनिक अभिक्रिया पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवून दिली. इंग्लंडमधील बर्टन या गावी मद्यनिर्मितीच्या कारखान्यात तो रसायनतज्ज्ञ म्हणून काम करीत असे. नायट्राइट असल्यास चौकोन गुलाबी होतो. तो गुलाबी झाला तर जिवाणू असण्याची शक्यता मोठी. पण गुलाबी झाला नाही म्हणून जिवाणू नाहीतच असे म्हणता येत नाही. कारण हे रूपांतर होण्यास लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहावी लागते. वारंवार लघवीला जाणाऱ्या रुग्णाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या बाबतीत तेवढा अवधी मिळत नाही. एंटेरोकोकससारखे काही जंतू हे रूपांतर करीतच नाहीत, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेतल्या असतील तर अभिक्रिया दबते. उलटपक्षी, तासन्‌तास उबेत राहिलेल्या बाटलीत जंतू वाढून तेथेच नायट्राइट तयार होते.

दुसरा चौकोन ल्युकोसाइट एस्टरेजचा. संसर्गाशी लढण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हे विकर असते. म्हणजे पहिला चौकोन शत्रूची खूण दाखवितो, तर दुसरा आपल्या सैन्याची. पेशी फुटून गेल्या तरी विकर शिल्लक राहते, हा त्याचा फायदा. दोन्ही चौकोन निगेटिव्ह असतील आणि रुग्णास तक्रार नसेल, तर संसर्ग नसण्याचीच शक्यता जास्त. येथे चाळणी आपले काम करते. तक्रार असेल तर मात्र पट्टीचे म्हणणे अंतिम मानीत नाहीत.

दुसरी चाळणी : सूक्ष्मदर्शक

ज्याला सारे ‘युरीन रूटीन’ म्हणतात, त्यात हीच तपासणी असते. साधारण १० मिलिलिटर लघवी सेंट्रिफ्यूज यंत्रात पाच मिनिटे फिरवितात. वरचे पाणी ओतून देऊन तळाच्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि ४० पट भिंगाखाली पाहतात. एका दृष्टिक्षेत्रात पाचपर्यंत पू पेशी दिसणे सामान्य मानतात. त्याहून अधिक असतील तर दाह आहे असे समजावे. पू पेशी म्हणजे जंतू नव्हेत. रिपोर्टवर ‘पस सेल्स ८-१०’ वाचून अनेक पालक घाबरतात आणि परस्पर औषध आणतात. पू पेशी मुतखड्यामुळे, तापामुळे किंवा नमुन्यात योनिस्राव मिसळल्यामुळेही वाढतात. चपट्या, मोठ्या त्वचापेशी पुष्कळ दिसल्या तर नमुना बाहेरच्या भागाने दूषित झाला असे समजून तो पुन्हा मागविणे योग्य.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. काही रुग्णांत पू पेशी भरपूर असतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. अशा वेळी आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. क्षयाचे जंतू नेहमीच्या माध्यमावर एका दिवसात उगवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी असते. ‘कल्चर निगेटिव्ह’ या दोन शब्दांवर समाधान मानून तक्रार अंगावर काढू नये, ती डॉक्टरांना पुन्हा सांगावी.

न फिरविलेल्या लघवीचा थेंब काचेवर वाळवून हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने रंगविला तर जिवाणू प्रत्यक्ष दिसतात. तेल-भिंगाखाली प्रत्येक दृष्टिक्षेत्रात सरासरी एक जिवाणू दिसला, तर दर मिलिलिटरला सुमारे एक लाख जिवाणू असल्याचा अंदाज बांधता येतो. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत आता लघवीतील कणांवर लेसर किरण टाकून पू पेशी आणि जिवाणू मोजणारी यंत्रे आली आहेत. ती मिनिटाभरात आकडा देतात. तत्त्व मात्र तेच : नको ते नमुने लवकर बाजूला काढणे.

कल्चर आणि एक लाखाचा आकडा

चाळणीवर जे उरले त्यांचे, आणि गरोदर स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचा संसर्ग झाल्याची शंका असलेले रुग्ण यांचे, चाळणी काहीही म्हणो, कल्चर करतात. एका मिलिलिटरचा हजारावा भाग उचलणारा तारेचा लूप लघवीत बुडवून खाद्यमाध्यमाच्या प्लेटवर ओढतात. प्लेट ३५ ते ३७ अंश तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवतात. नमुन्यातील प्रत्येक जिवंत जिवाणूपासून एक ठिपका, म्हणजे एक वसाहत तयार होते. प्लेटवर १०० वसाहती मोजल्या, तर त्यास हजाराने गुणून दर मिलिलिटरला एक लाख जिवाणू होते असे समजते. मॅकॉन्की माध्यमावर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी, तर क्लेड नावाच्या माध्यमावर पिवळ्या दिसतात. क्लेबसिएलाच्या वसाहती चिकट, ओथंबलेल्या असतात. प्रोटियस हा लाटेसारखा साऱ्या प्लेटभर पसरत जाणारा जंतू. क्लेडवर त्याला आळा बसतो. हाच प्रोटियस लघवीतील युरियाचे विघटन करून ती अल्कधर्मी करतो आणि त्यातून एका प्रकारचे मुतखडे तयार होतात.

एक लाख हा आकडा आला कोठून? अमेरिकेतील एडवर्ड कॅस या वैद्यकीय संशोधकाने १९५६ साली मांडले, की व्यवस्थित घेतलेल्या नमुन्यात दर मिलिलिटरला एक लाख वा अधिक जिवाणू असतील तर ते मूत्रमार्गातले समजावेत. कमी असतील तर बाहेरून आलेले असण्याचा संभव अधिक. हा दंडक जगभर रूढ झाला. पुढे १९८२ साली वॉल्टर स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की जळजळीची तक्रार असलेल्या स्त्रियांत केवळ शंभर जिवाणूही खऱ्या संसर्गाचे असू शकतात. म्हणून आकडा एकटा वाचावयाचा नसतो. रुग्णाची तक्रार, पू पेशी, एकाच जातीचा जंतू आहे की अनेक जाती, हे सारे एकत्र वाचावयाचे असते. तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू एकत्र वाढले तर तो बहुधा नमुन्याचा दोष असतो. तान्ह्या बाळाला चिकटविलेल्या पिशवीतून घेतलेल्या लघवीत असे वारंवार घडते. म्हणून त्या पिशवीतील ‘पॉझिटिव्ह’ कल्चरवर विश्वास ठेवीत नाहीत.

कोणते औषध चालेल?

जंतू ओळखला की त्याची औषधांशी झुंज लावून पाहतात. म्युलर-हिंटन माध्यमाच्या प्लेटवर जंतूंचा समप्रमाणात थर पसरवितात आणि त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजविलेल्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी, जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती जंतूविरहित वर्तुळ दिसते. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तो तक्त्याशी ताडतात. बॉवर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली ही पद्धत प्रमाणित केली. आजही जिल्ह्याच्या प्रयोगशाळा तिच्यावरच चालतात.

या प्लेटांकडे रोज पाहणाऱ्यास काळजी वाटल्यावाचून राहत नाही. जी औषधे एके काळी सर्रास लागू पडत, त्यांच्या चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले दिसतात. अर्धवट घेतलेली, शेजाऱ्याकडून मागून आणलेली, दुकानदाराने परस्पर दिलेली प्रतिजैविके हे त्याचे एक मोठे कारण आहे. अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी, यासाठी १ मार्च २०१४ पासून एच-१ ही अनुसूची लागू झाली. औषधाच्या पाकिटावरील उभी तांबडी रेघ हेच सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. आपल्या घरातील पाकिटे एकदा पाहावीत. ती रेघ अनेकांनी पाहिलेली असते, तिचा अर्थ मात्र ठाऊक नसतो.

जंतू आहेत, आजार नाही

आणखी एक गुंता. कित्येक निरोगी माणसांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या लघवीत लाखावर जिवाणू सापडतात, पण त्यांना काहीही त्रास नसतो. अशा वेळी औषध देऊन फायदा होत नाही. उलट जंतू औषधाला सरावतात. म्हणून तक्रार नसताना हौसेने लघवीचे कल्चर करू नये. याला मोठा अपवाद गरोदर स्त्रीचा. १०० गरोदर स्त्रियांत साधारण दोन ते सात जणींच्या लघवीत तक्रारीविना जिवाणू असतात आणि त्यांवर उपचार न झाल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याचा धोका बराच वाढतो. त्याचा परिणाम बाळाच्या वजनावर आणि वेळेआधी प्रसूती होण्यावरही होऊ शकतो. म्हणून पहिल्याच महिन्यांत डॉक्टरांना लघवीच्या कल्चरविषयी विचारावे. लघवीतील प्रथिने आणि साखर पाहणारी नेहमीची तपासणी म्हणजे कल्चर नव्हे, हे आमच्या माजी विद्यार्थिनी भगिनींनी ध्यानात ठेवावे. मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तेव्हाही असे कल्चर आधी करतात.

वसतिगृहापर्यंत

आता शेवटी ज्या कारणासाठी हा लेख विशेषेकरून या स्मरणिकेत द्यावासा वाटला, ते सांगतो. आमच्यातील एकजण मुलींच्या वसतिगृहात वाढली. त्या काळी वसतिगृहामागील शौचालयापर्यंत दिवा नव्हता. रात्री जावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाच नंतर मुली पाणी पीत नसत. सकाळी रांग मोठी असे, प्रार्थनेची घंटा झाली की रांग सोडून पळावे लागे. वर्गात तास चालू असताना परवानगी मागण्याचा धीर होत नसे. ओटीपोटात दुखले तर ‘पाळीचे असेल’ असे म्हणून सारे गप्प राहत. आज आमच्या टेबलावर वसतिगृहांतून, कामाच्या ठिकाणांहून, बाजारात बसणाऱ्या स्त्रियांकडून जे नमुने येतात, त्यांपैकी कित्येकांमागे हीच गोष्ट असते, हे अर्जावरील वय आणि पत्ता पाहताच कळते. गडद, दाट, थोडीशीच लघवी बाटलीत असते; ती पाहूनच पाणी कमी पडल्याचे समजते.

यावरील उपाय प्रयोगशाळेत नाहीत. मुलांना दिवसभर पिण्याचे पाणी हाताशी असावे आणि ते पिण्याची आठवण द्यावी. लघवी रोखून धरावयाची नाही, हे वर्गशिक्षकांनीच सांगावे आणि तासाच्या मध्ये परवानगी मागणाऱ्या मुलीला प्रश्न विचारू नये. शौचालयात पाणी, कडी आणि उजेड असावा. शौचानंतर पुढून मागे धुण्याची सवय लहानपणीच लावावी. पाळीच्या काळात पॅड वेळेवर बदलण्याची आणि टाकण्याची सोय असावी. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांत हा संसर्ग वारंवार होतो, म्हणून जेवणात पालेभाज्या आणि डाळी असाव्यात. थंडी वाजून ताप आणि पाठदुखी असलेल्या मुलाला वसतिगृहातील पेटीतील उरलेली प्रतिजैविके देऊ नयेत. आधी डॉक्टर, आधी नमुना, मग औषध. नमुना लांब पाठवावयाचा असेल तर डबीवर नाव आणि घेतल्याची वेळ लिहून, बर्फाच्या पिशवीसह थर्मासच्या डब्यात पाठवावा. त्या एका ओळीच्या वेळेअभावी एका मुलीचे चार दिवस आणि एक परीक्षा गेली, हे आम्ही विसरलेलो नाही.

या शाळेने आम्हांस अक्षरओळख दिली, विज्ञानाच्या तासाला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. त्या भिंगाखाली तेव्हा कांद्याची साल होती. आज तेथे आमच्याच गावांतील, आमच्याच वस्त्यांतील माणसांचे नमुने असतात. शाळेतील आजच्या मुलींच्या वसतिगृहामागे दिवा लागलेला आहे, हे मागील भेटीत आम्ही पाहिले. पाण्याच्या टाकीजवळ पेले ठेवलेले होते आणि मधल्या सुट्टीत मुली तेथे रांगेने पाणी पीत होत्या. शाळेच्या पुढील वाटचालीस आमच्या मनःपूर्वक सदिच्छा. लेखातील एखादी बाब समजली नसेल किंवा हाती आलेला रिपोर्ट वाचताना अडचण येत असेल, तर माजी विद्यार्थी मेळाव्यात आम्ही दोघेही असू. रिपोर्ट घेऊन यावे. संकोच करू नये.